लेक टीव्हीवर, वर्गणी तांड्यावर

पत्र

ताई,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बंजारा तांड्यावरची. आशा वर्कर आहे. त्याआधी आम्ही दोघांनी आठ हंगाम ऊसतोडीला कोयता केला. थोरली मुलगी १९ वर्षांची. आम्ही फडात असायचो तेव्हा ती आजीजवळ राहायची. आजीबरोबर भजनं आणि होळीच्या लेंगी म्हणता म्हणता गाणं तिच्या गळ्यात बसलं. पुढं तालुक्याच्या गावच्या एका गुरुजींनी सहा वर्षं फुकट शिकवलं. आता ती मुंबईत एका हिंदी गाण्याच्या कार्यक्रमात पहिल्या दहांत आहे. पुढच्या आठवड्यापासून लोकांची मतं सुरू होणार.

तांड्याच्या नाईकांनी बैठक घेतली. घरटी १,००० रुपये वर्गणी. त्यातून मोबाइल आणि सिम घ्यायचे, पोरांना रोज रात्री मतं टाकायला बसवायचं. आमच्या ह्यांनी वरून ५०,००० व्याजानं काढायचं ठरवलंय. जिंकल्यावर २५ लाख मिळतात, फेडून टाकू म्हणतात. इथल्या एका पुढाऱ्यानं फ्लेक्स लावलाय, त्यात त्याचा फोटो मोठा आणि माझ्या लेकीचा लहान. कर्नाटक, तेलंगणातून आमच्या लोकांचे फोन येतात, गोरची, म्हणजे आपल्या बंजाऱ्यांची, बेटी आहे, जिंकवायचीच. ग्रुपवर एका पोरानं लिहिलं की कोर, म्हणजे समाजाबाहेरच्या लोकांच्या मतांची आपल्याला गरज नाही. ते गुरुजींनी वाचलं. गुरुजी आमच्यातले नाहीत. आता ते फोन उचलत नाहीत.

तिकडं कार्यक्रमवाले म्हणतात, फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, घालून ये आणि माझा जन्म उसाच्या फडात, कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत झाला असं सांग. तिचा जन्म पुसदच्या सरकारी दवाखान्यातला. कोपीत जन्मला तो तिचा भाऊ. ती नाही म्हणाली तर म्हणे, मग मतं कशी येणार? फेटिया तिच्या आजीचा आहे, घालायला तिची ना नाही. खोटं बोलणार नाही म्हणते. रात्री फोनवर रडते. तिला काय सांगू? ह्यांना काय सांगू?

एक याडी (आई)

उत्तर

प्रिय याडी,

आधी पैशाचं बोलू, कारण त्याला दिवस थोडे उरलेत. व्याजानं काढायचे ५०,००० आजच थांबवा. घरात भांडण झालं तरी चालेल. २५ लाखांचा आकडा टीव्हीवर पुठ्ठ्याच्या मोठ्या चेकवर छान दिसतो, पण अशा बक्षिसातून ३० टक्के कर हातात पडायच्या आधीच कापला जातो. आणि हा झाला जिंकल्यानंतरचा हिशेब. तुमची लेक अजून दहांतली एक आहे.

त्यातून ती मुलगी आहे, हे मी मुद्दाम म्हणतेय. ‘इंडियन आयडॉल’चंच बघा. २००४ साली सुरू झालं. पहिल्या १५ पर्वांपैकी दोन लहान मुलांची होती. उरलेल्या १३ पर्वांत बाई जिंकली फक्त दोनदा, २००९मध्ये त्रिपुराची सौरभी देबबर्मा आणि २०२५मध्ये बंगालची मानसी घोष. लहान मुलांच्या दोन्ही पर्वांत मात्र मुलीच जिंकल्या. आपल्याकडच्या मराठी ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये २००९ साली जिंकली तीही आळंदीची शाळकरी पोर, कार्तिकी गायकवाड. मला यात दिसतं ते असं, की गाणारी चिमुरडी अख्ख्या मुलखाची लेक असते. तीच १९-२० वर्षांची झाली की मत देताना लोकांचा हात आखडतो. मग ते बघायला लागतात, ही कुणाची, कुठली, बोलते कशी. हे बदलतंय, पण त्या बदलाच्या भरवशावर सावकाराकडे जाऊ नये. ह्यांना हा आकडा सांगा. पुरुषांना आकडे दिले की ते निदान थोडा वेळ गप्प बसतात.

सिमकार्डांचंही सांगते, कारण हे प्रकरण अंगाशी येईल. एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम ठेवता येत नाहीत. २०२३च्या दूरसंचार कायद्यानुसार पहिल्याच वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि दुसऱ्याच्या ओळखपत्रावर फसवून सिम काढलं तर तुरुंगाची तरतूद आहे. तांड्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची आधार कार्डं गोळा करून एखादा पोरगा दुकानात निघाला असेल तर त्याला वाटेतच अडवा. तुम्ही आशाताई आहात, घराघरात तुमचा शब्द चालतो. शिवाय हल्ली बहुतेक मतदान चॅनलच्या ॲपवर होतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि एका खात्यावरून ठरावीकच मतं जातात. एसएमएसच्या काळात एकेका मताला नेहमीच्या एसएमएसपेक्षा जास्त पैसे पडायचे, वर्गणीची सवय तिथूनच आली. आता लागते ती रेंज, आणि ती वर्गणी काढून येत नाही.

नाईक म्हणतील, ही वर्गणी कुणाला फेडायची नाही, प्रेमाची आहे. प्रेमाची आहेच. पण उचल म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. मुकादम दसऱ्या-दिवाळीला हातात नोटा ठेवतो तेव्हा किती गोड बोलतो, आणि हंगाम उलटला तरी वहीत बाकी उरतेच. ही वर्गणी तुमच्या लेकीच्या नावावरची उचल आहे. तिनं ती मागितली नाही, तिच्या हातात एक रुपया पडणार नाही, वहीत नाव मात्र तिचंच राहणार. ज्यानं १,००० दिले त्याला पुढं वाटेलच की तिनं आपल्या मेळाव्यात गावं, आपल्या उमेदवाराच्या व्यासपीठावर बसावं, आपल्या पोराच्या हळदीला यावं. ती हरली तर पैसे बुडाले. उद्या तिनं समाजाबाहेर लग्न ठरवलं तर पहिलं वाक्य कोणतं कानावर येईल, ते तुम्हीच मनात म्हणून बघा.

हे मी हवेतलं बोलत नाही. २००७ साली ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या फेरीत दोघं उरले होते. तुमची लेक तेव्हा पाळण्यात असेल. एक दार्जिलिंगचा गुरखा तरुण प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसातला शिपाई, आणि दुसरा शिलाँगचा अमित पॉल. मुंबई-दिल्लीच्या माणसाला नकाशावर ज्या जागा चटकन दाखवता येत नाहीत तिथले हे दोघे. आम्ही टीव्हीवाले त्या आठवड्यांत हरखून गेलो होतो. दार्जिलिंगच्या डोंगरात वर्गण्या निघाल्या, एसएमएस टाकायला माणसं बसवली गेली. सुमारे ७ कोटी मतं पडली. २३ सप्टेंबरला प्रशांत जिंकला.

शिलाँगमध्ये काय झालं ते आधी सांगते, कारण ते कमी लोकांना ठाऊक आहे. त्या शहरात आदिवासी आणि बाहेरून येऊन वसलेले यांच्यात जुनी तेढ. दंगली होऊन गेलेल्या. अमित पॉल बंगाली घरातला. त्याच्यासाठी खासी आदिवासी आणि बंगाली एकत्र रस्त्यावर आले. मेघालय सरकारनं त्याला शांतता आणि सलोख्याचा दूत नेमलं. अमित हरला. त्याच्यामुळं शहरात जे घडलं ते मतांच्या आकड्यात कुठंच दिसलं नाही.

दार्जिलिंगकडं वारं वेगळं वाहिलं. दिल्लीतल्या एका एफएम रेडिओच्या निवेदकानं टोमणा मारला. अर्थ असा, की गुरखे गायला लागले तर आता पहारा कोण देणार? २८ सप्टेंबरला सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, त्याची दंगल झाली, संचारबंदी लागली, लष्कर आलं. प्रशांतला मतं मिळवून देण्यात पुढं असलेल्या बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबरमध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. वेगळ्या गोरखालँड राज्याची मागणी फार जुनी आणि तिच्यामागचं दुखणंही खरं. पण एका शिपायाच्या गाण्यासाठी जमलेली माणसं पंधरा दिवसांत एका पक्षाचे कार्यकर्ते झाली होती.

मी त्या लोकांना नावं ठेवत नाही. पिढ्यान् पिढ्या ‘ए बहादूर’ अशी हाक ऐकलेली माणसं. त्यांना पहिल्यांदाच असं काही मिळालं, जिथं त्यांचं मत आणि साहेबाचं मत सारखंच मोजलं जात होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही रात्र रात्र एसएमएस टाकले असते. तुमच्या लोकांचंही मला कळतं. तुमचा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. सरकारदरबारी तीन राज्यांत तीन दारं आणि टीव्हीच्या मतदानात एकच मतदारसंघ! मोह होणारच. पुढाऱ्याला तो सगळ्यांच्या आधी झाला, म्हणून फ्लेक्सवर त्याचा फोटो मोठा.

पण या मतांना गाण्याची गुणपत्रिका समजू नका. २००५मध्ये ‘फेम गुरुकुल’ नावाचा कार्यक्रम होता. काश्मीरचा काझी तौकीर लोकांच्या मतांवर टिकत गेला, परीक्षक त्याच्या गाण्यावर नाराज असतानाही. शेवटी कोलकात्याच्या रूपरेखा बॅनर्जीबरोबर तो जिंकला. त्याच कार्यक्रमात अरिजित सिंग होता आणि तो मधेच बाहेर पडला. हे उदाहरण देऊन सगळे म्हणतात, बघा, हरलेलाच मोठा झाला. मी तुम्हाला तसलं गाजर दाखवणार नाही. हरलेल्या बाकीच्या शेकडो पोरांची नावं कुणी घेत नाही. मला त्या निकालात दुसरंच दिसतं. काश्मीर खोऱ्यात मोबाइल येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. मुंबईत लागणारा निकाल आपल्या अंगठ्यानं फिरवता येतो, हे ज्यांना पहिल्यांदाच कळलं त्यांनी तो फिरवून बघितला. मत गाण्याला पडलं नाही, आपलेपणाला पडलं. तुमच्या लेकीलाही तसंच पडेल, किंवा पडणार नाही. दोन्हीमध्ये तिच्या गळ्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा लहान आहे, आणि हे तिला आधीच माहीत असलेलं बरं.

म्हणून नाईकांना असं सांगा. ज्याला वाटेल त्यानं स्वतःच्या फोनवरून मत द्यावं. कार्यक्रमाच्या रात्री सगळ्यांनी सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं एकत्र बसून बघावं. वर्गणी गोळा झाली असेल तर ज्याची त्याला परत. नाईकांचा मान दुखावेल असं वाटत असेल तर हे बोलायला आजीला पुढं करा. आजी फेटियावाली आहे, तिला कुणी उलट उत्तर देणार नाही.

गुरुजींचं काम मात्र तुमचंच. फोन उचलत नाहीत ना, मग एसटीनं जा. ज्या पोरानं ग्रुपवर ते लिहिलं त्याला बरोबर न्या. माफी मागायला लावायची गरज नाही, गुरुजींच्या ओट्यावर चहा घेईपर्यंत बसवा, पुरे. सहा वर्षं एक पैसा न घेता शिकवलेल्या माणसाला गावातल्या सगळ्यांसमोर ‘तुझी गरज नाही’ असं वाचावं लागलं. मी असते तर मीही फोन उचलला नसता. आणि लेकीला सांगा, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा चार शब्द बोलायला मिळतील त्यात गुरुजींचं नाव घे. कर्नाटकातून कितीही फोन येवोत, तिचा सूर लावला तो या माणसानं.

आता कोपीचं. इथं मला माझं थोडं सांगावं लागेल. मी सात वर्षं अशा कार्यक्रमांच्या मागं काम केलंय. गाण्याआधी दोन-तीन मिनिटांची फिल्म दाखवतात, घर, आई, रस्ता, डोळ्यांत पाणी. तिला आमच्यात ‘एव्ही’ म्हणतात. आमच्या खोलीत एक पांढरा फळा होता. त्यावर स्पर्धकांची नावं आणि प्रत्येकाच्या पुढं एकेक शब्द. रिक्षा. ईशान्य. अंध आजी. पंजाब. वेगवेगळ्या मुलखांतली, वेगवेगळ्या थरांतली पोरं हवीत, यावर आमचं एकमत होतं आणि त्यात चांगुलपणाही होता. त्या फळ्यामुळं काही दारं उघडली, जी आधी फक्त शहरातल्या क्लासवाल्यांना उघडी होती. पण एकदा शब्द लिहिला की माणूस त्या शब्दाबाहेर जायचा नाही. रिक्षावाल्याच्या मुलानं शेवटच्या फेरीतही रिक्षातूनच उतरायचं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा अप्रतिम गायचा, त्याच्या नावापुढं महिनाभर प्रश्नचिन्ह होतं. याचं करायचं काय?

एकदा एका स्पर्धकाच्या आईला मी गॅस कापडानं झाकून अंगणातली चूल पेटवायला लावली. ती चूल अंघोळीचं पाणी तापवायची. धुरानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आम्ही टिपलं आणि मागं बासरी घातली. निघताना त्या बाई मला म्हणाल्या, “मॅडम, लोकांना वाटेल ना, माझा पोरगा मला गॅससुद्धा घेऊन देत नाही?” मी काहीतरी हसून गाडीत बसले. त्या मुलाला त्या आठवड्यात भरपूर मतं पडली, असं वरून कळलं.

पहिला इंडियन आयडॉल, आपला मुंबईचा अभिजीत सावंत. त्यानं २०२१मध्ये बोलून दाखवलं होतं की हल्ली गाण्यापेक्षा स्पर्धक किती गरीब आहे, बूटपॉलिश करतो का, यातच कार्यक्रमांना रस जास्त. त्याआधीच्या वर्षी भटिंड्याचा सनी हिंदुस्तानी जिंकला होता, लातूरचा रोहित राऊत दुसरा आला होता. सनी खरोखर बूटपॉलिश करायचा, आणि गायचाही जबरदस्त. गरिबी सांगण्यात कमीपणा नाही. तुमचे आठ हंगाम खरे आहेत. फक्त ते तुमचे आहेत. पाचट तुमच्या हाताला कापलं, मोळी तुमच्या डोक्यावर होती. ते सांगायचे तर तुम्ही सांगाल, तुम्हाला वाटलं तर, तुमच्या शब्दांत. लेकीनं ते आपल्या अंगावर चढवून, वर भावाचा जन्म स्वतःच्या नावावर करून सांगायचं काही कारण नाही. आणि व्यवहाराचंच बोलायचं तर हे खोटं तीन दिवस टिकणार नाही. कोपीत कोण जन्मलं हे अख्ख्या तांड्याला माहीत आहे. फ्लेक्सवाल्या पुढाऱ्याच्या विरोधकालाही माहीत असणार. ते बाहेर आलं की शिव्या तिला पडतील. कार्यक्रमवाले तोवर दुसऱ्याच्या एव्हीला लागलेले असतील.

पण नुसतं ‘नाही’ म्हणून चालत नाही तिथं. नाहीच्या सोबत दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं. जी मुलगी तिला कोपीचं बोल म्हणतेय ती बहुधा २५-२६ वर्षांची असेल, रात्री दोनपर्यंत जागत असेल, वरून कुणीतरी तिच्यावर ओरडत असेल. तिला तयार गोष्ट मिळाली तर ती अर्धं काम वाचलं म्हणून घेईल. आणि गोष्ट तुम्ही मला पत्रात लिहिलीच आहे, स्वतःच्या नकळत. आई-बाप सहा-सहा महिने फडात, पोर तांड्यावर आजीजवळ. आजी होळीला लेंगी म्हणायची, पोर मागं मागं म्हणायची. आजीच्या अंगावर तोच फेटिया. यात एक अक्षर खोटं नाही, आणि माझ्या काळात कुणी मला हे आणून दिलं असतं तर मी फळ्यावरचा शब्द पुसला असता.

ब्रिटनमध्ये नाचाची एक मोठी स्पर्धा आहे, ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’. २०२१मध्ये तिथं रोझ एलिंग-एलिस नावाची अभिनेत्री होती, जन्मापासून ऐकू न येणारी. एका आठवड्यात नाच रंगात आलेला असताना मधेच संगीत पूर्ण बंद केलं. ती आणि तिचा जोडीदार तसेच नाचत राहिले. काही क्षण प्रेक्षकांनाही काहीच ऐकू येत नव्हतं. तिचं वेगळेपण नाचाच्या आधीच्या फिल्ममध्ये ठेवलं नव्हतं, नाचातच होतं. ती लोकांच्या मतांवर जिंकली. जिंकली नसती तरी मी हे उदाहरण दिलं असतं. तुमच्या लेकीलाही तसं करता येईल. हिंदी गाण्याच्या आधी लेंगीची एक ओळ, साज न घेता, उघड्या आवाजात. कुठल्या आठवड्यात, ते तिनं ठरवावं. माझं ऐकाल तर पहिल्या आठवड्यात नको. आधी लोकांनी तिला गाताना ऐकू दे, मग ती कोण ते कळू दे.

तिनं सही केलेल्या कराराची प्रत मागवून घ्या. इंग्रजीत असेल, पुसदमध्ये एखाद्या वकिलाला वाचायला द्या. कार्यक्रम संपल्यावर किती काळ दुसरीकडं गाता येणार नाही, ते कलम आधी बघायला सांगा.

आज रात्री फोन आला की मतांचा विषय काढू नका. जेवलीस का विचारा, कोणतं गाणं बसवतेयस ते विचारा, जमलं तर दोन ओळी म्हणून घ्या. आणि सांगा, तुझ्या नावानं घरात कुणी कर्ज काढलेलं नाही. हे वाक्य आधी ह्यांच्याकडून खरं करून घ्या, मगच सांगा.

राहिला फेटिया. तो तिनं जरूर घालावा. पण आरसे-कवड्यांचं, हातानं टाके घातलेलं असं काही दिसलं की कपडेपटातले लोक म्हणतात, ठेव इथं, आम्ही सांभाळतो. ठेवू नये. चित्रीकरण संपलं की अंगावरून उतरवून स्वतःच्या पिशवीत. धुवायला द्यायचा नाही, इस्त्री तर मुळीच नाही. मी काम करायचे तिथं एका मुलीच्या आजीची नऊवारी अशीच सांभाळायला घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात ती मला दुसऱ्याच एका सेटवर, खिडकीचा पडदा म्हणून टांगलेली दिसली.